नडगीवरची मेंदी

३ नोव्हेंबर, फेज
हमामाच्या ओल्या फरशीवर नडगी खरचटली. किरकोळ. जन्मभर लोकांच्या पाठी घासून पोट भरलं, कातडीबद्दल मला कुणी शिकवायचं नाही. काळा साबण लावला, वर ब्लीचचा हात. चरचरलं, म्हणजे लागू पडलं.

५ नोव्हेंबर
जखमेभोवती लाली. रक्त कामाला लागलंय. रकिया म्हणते, अहो, अंगात साखर मुरलीय आणि पायाशी कसले खेळ? बायकोचा जीव, घाबरतो. उद्यापासून चहात साखरेचा एकच खडा. नक्की.

६ नोव्हेंबर
तिच्या समाधानासाठी दवाखान्यात. डॉक्टरीणबाई पोरसवदा. म्हणाली, अल्लालबाबा, कातडीवर चांगले जंतूही राहतात. स्वतःच औषध बनवतात, वाईटांना पाऊल टाकू देत नाहीत. चोराच्या भीतीने तुम्ही राखणदारच मारलेत. मी म्हटलं, आंघोळ न करणारा राखणदार काय कामाचा? ती हसली नाही. गोळ्या दिल्या. लालीभोवती पेनाने रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली की तडक यायचं. तोवर हमाम बंद.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
जुम्म्याला अंग न घासता मशिदीत कसं जायचं? हमामात गेलो. नडगीवर ती निळी रेघ. अंगावर डाग दिसला की माझा हात थांबत नाही. अंग घासायचा खरखरीत हातमोजा दोनदा फिरवला, साफ. रकियाने कपाळावर हात मारला. आता लाली कुठवर होती, हे कोण सांगणार? मला आठवतंय. साधारण. तिने मेंदी कालवली, लालीच्या कडेने नवी रेघ काढली. म्हणाली, आता घासा किती घासायचं ते. शेजारचा हलवाई म्हणतो, नवरदेव, वरात कधी?

९ नोव्हेंबर
अंगात कणकण. हवा बदललीय. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून निम्म्याच. लाली मेंदीबाहेर चार बोटं दिसते. रकियाला सांगितलं, मेंदी पसरलीय. ती म्हणाली, पसरत असेल, पण मेंदी ठणकत नाही. उद्या बघू.

१० नोव्हेंबर
ठणका थांबला. मी म्हटलंच होतं. पायाची बोटं जरा काळसर, टोचलं तरी कळत नाही. आराम पडला की असंच होत असेल.

१२ नोव्हेंबर, हॉस्पिटल
रकियाने हलवायाच्या गाडीत घालून आणलं. डॉक्टरीणबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने गुडघ्याखाली पेनाने रेघ काढली, सरळ, पायाभोवती पुरी. मी विचारलं, लाली एवढी वर चढेल का? ती म्हणाली, अल्लालबाबा, ही रेघ लालीसाठी नाही.

रकिया कोपऱ्यात बसलीय. माझा घासायचा हातमोजा तिने घरीच ठेवला.

खाली तिची मेंदी अजून आहे. रंग मात्र गडद चढलाय.