चुलीचे दगड राहू दे

आये, काल माळावरची शेवटची बांबू-ताडपत्रीची कोपी आम्ही उतरवली. ताडपत्रीची घडी घालताना तिच्यातून धुराचा वास आला आणि मी ती तशीच तोंडाशी धरून उभा राहिलो. मालक ओरडले, “आरं, ताडपत्री हाय ती, पैठणी न्हाई!” सगळे हसले. मला हसू आलं नाही. तुझ्या पदराला यायचा तोच वास होता तो.

तुला खरं वाटणार नाही, पण आपल्या गावाला पूर आला. ज्या गावात तू टँकरमागं हंडा घेऊन पळायचीस, त्याच गावाला. पहाटे पाणी खालच्या आळीत शिरलं, दुपारपर्यंत भिंती बसल्या. शाळेतही गुडघाभर गाळ. माणसं जी हाताला लागली ती गोधडी घेऊन माळावर आली. दसरा व्हायचा होता, ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावातच होत्या, म्हणून बरं. मी ज्यांच्याकडं कामाला आहे त्या मंडपवाल्या मालकांनी बांबू आणि ताडपत्र्यांचा टेम्पो भरून दिला, आणि आपल्या लोकांनी कोप्या उभ्या करायला घेतल्या.

हो, मंडपवाल्याकडं. कॉलेज मी मधेच सोडलं. स्टँडवर एका पोरानं मला ऊसतोड्याचा म्हणून “ए कोयत्या” अशी हाक मारली, तीही तिच्यासमोर. मी त्याचं नाक फोडलं. कॉलेजात माफी माग म्हणाले, मी दप्तर उचलून घरी आलो. तू असतीस तर आधी मला बडवलं असतंस आणि मग त्या पोराच्या घरी भांडायला गेली असतीस.

ती म्हणजे खालच्या आळीतली, बागायतदाराची मुलगी. आम्ही एकाच एसटीनं जायचो. तुझ्याबद्दल एवढं मी कुणाशीच बोललो नव्हतो. मग एक दिवस मी सरळ तिच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिलो. “अण्णा, पोरगी मागाया आलोय.” त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. म्हणाले, “कोपीत वाढलेल्याला मी पोरगी देत न्हाई.” तेव्हापासून ती एसटीत पुढं बसायला लागली आणि मी कामालाही एसटीनं जायचं सोडलं.

कोपीत वाढलेला आहेच मी. डोळे मिटले की कोपरगावकडचं ते रान दिसतं. ट्रॅक्टर आपल्याला उतरवून निघून गेलाय. बाकीचे खड्डे घेतायत, बांबू रोवतायत, आणि तू उघड्यावर तीन दगड मांडून चहा ठेवलायस. बाबा चिडलेत, “आगं, आधी डोक्यावर काय तरी घालू दे!” तू फुंकणीवरून मान वर करून म्हणतेस, “आधी चूल. चूल पेटली की जागा आपली.” आणि हंगाम संपून निघताना बाबांनी त्या दगडांना पाय लावला, की तू म्हणायचीस, “राहू द्या. मागनं कुनी आलं तर लागत्यात.” हे सगळं मी तिला एसटीत सांगितलं होतं.

पूर आला त्या दिवशी अण्णा कोपीत यायला तयार नव्हते. माळावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून होते, शेजारी बायको भिजून कुडकुडत होती. मी काही न विचारता ट्रॉलीजवळच एक कोपी बांधली, भोवती चर खणला, आणि दार शेजारच्या आपल्या कोपीकडं ठेवलं.

“दार हिकडं का?” अण्णांनी विचारलं.

“वारा तिकडनं हाय.”

“वारा मला शिकवतो व्हय रं? फिरव.”

माझं डोकं फिरलं. हातात पहार होती, ती फेकून चालायला लागणार, एवढ्यात ती ट्रॉलीतून उतरली. कुठून कुणास ठाऊक, ओढणीत तीन दगड बांधून आणले होते. सरळ आत गेली आणि मांडायला बसली. “अण्णा, आई गारठलीया. दाराचं मागनं बघा, आधी चूल.”

अण्णा उतरले. अण्णा, मी आणि टोळीतल्या दोघांनी मिळून बांबू उपसून कोपी उचलली आणि ती चहा करत असताना तिच्याभोवतीच फिरवली. दार पलीकडं गेलं, चूल जागेवरच राहिली. त्यानंतर मला रोज दिसायची ती कोपीची पाठ. सकाळी ताडपत्रीच्या फटीतून धूर आला की मला कळायचं, उठली. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

काल त्यांच्या घरावर पत्रे चढले. निघताना अण्णा म्हणाले, “पोरा, उपकार केलेस. पन माझं म्हननं हाय तेच हाय.” आये, मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत राहिलो. अण्णांनी जाता जाता चुलीच्या दगडाला पाय लावला, तशी ती म्हणाली, “राहू द्या, अण्णा. मागनं कुनी आलं तर लागत्यात.” माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि उतार उतरून गेली.

हा कागद तुला धाडणार तरी कुठं, माझ्याच खिशात राहील. आज सकाळी मी माळावर गेलो होतो. आता तिथं तुडवलेलं गवत, बांबूची भोकं आणि ते तीन दगड. घरी गॅस असून मी तिथं काटक्या पेटवल्या आणि दोन कप चहा केला. रागावू नको, पण दुसरा कप तुझ्यासाठी नव्हता.