सीताफळाची साईट उघडंना

११ ऑक्टो., शनिवार
साईट तयार. फोटो, भाव, फोन नंबर, सगळं टाकलं. साईटचा पत्ता काल विकत घेतला, आपल्या डोंगराच्या नावाचा. मोठ्या जाऊबाईंना, आक्कांना, दाखवायला दुपारी मोबाईल काढला तर पांढरं पान. साईट सापडत नाही म्हणे.
आक्का : "रेंज न्हाई का?"
रेंज फुल होती.

१२ ऑक्टो., रवि.
पत्ता देणाऱ्या कंपनीला विचारलं. उत्तर : एक-दोन दिवस थांबा. मी थांबीन, सीताफळ थांबतंय होय? डोळे उघडलेत फळांचे, उतरवायला आलीत. नाही उतरवलं तर झाडावर फुटणार, उतरवलं तर लगेच मऊ पडणार.
आणि आक्कांनी यंदा ऊसतोडीला जायचं न्हाई म्हणून सांगितलंय. त्यांची पूजा दहावीला, तिला घरी एकटी कशी ठेवायची. आक्कांचे मालक, भावजी, एवढंच म्हणाले, "बघू तुमची साईट काय करती." तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला अजून हो-ना कळवलेलं न्हाई.
म्हणजे सगळं त्या पांढऱ्या पानावर.

१४ ऑक्टो., मंगळ.
अजून बंद. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबा. मग स्वतःच वाचत बसले. कळलं! पत्ता एका कंपनीचा, साईट ठेवली दुसरीकडं. पत्त्याला सांगितलंच न्हाई की घर कुठं हाय. मग नुसतं थांबून काय होणार? साईटवाल्यांनी दिलेली त्यांच्या सर्व्हरची दोन नावं पत्त्याच्या सेटिंगमध्ये भरली. आता थांबायला अर्थ आहे.

१५ ऑक्टो., बुध.
उघडली!! सकाळी, भाकरी थापता थापता. पिठाच्या हातानंच आक्कांना दाखवली. त्यांनी आधी स्वतःचा फोटो बघितला. "अगं बया, मी लई काळी दिसते." पण मोबाईल सोडंनात. भावजींनी सगळं पान खालपर्यंत वाचलं, परत वर गेले, परत वाचलं.
पुण्यातल्या एका बाईंची ऑर्डर. सोसायटीत वाटणार म्हणे. फळं उतरवायला काढली.

१७ ऑक्टो., शुक्र.
परत बंद. आता पत्ताच थांबवलाय असं पान येतं. पुण्याच्या बाईंनी तेच पान मला पाठवून विचारलं, "तुमचं दुकान खरं आहे ना?" खोकी भरलेली.
रडले. आक्का जवळ बसल्या. "रडून उघडती व्हय? च्या घे, मग बघ."
चहा घेऊन बघितलं. लॉटरीच्या नि कर्जाच्या फालतू मेलांच्या ढिगात कंपनीचं मेल पडलेलं : ईमेल तुमचाच आहे ना, इथं दाबून कळवा, नाहीतर पत्ता बंद. दाबलं. बाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. हसल्या. म्हणाल्या, खोकी पाठवा.

१८ ऑक्टो., शनि.
आमच्या मोबाईलवर चालू, भावजींच्यावर बंद. जुनं पान धरून बसलेला. पुसलं, उघडली.
मैत्रीण शबाना बीडहून आली, खोक्यांचे स्टिकर घेऊन. तिच्याच दुकानात छापलेत. मऊ पडलेली फळं बघून म्हणाली, "फेकू नको बे, गर काढ. आईस्क्रीमवाला हाय माझ्या वळखीचा." बे म्हणते मला, शाळेपासून. आक्का नि मी दुपारभर बिया काढत बसलो. बोटं चिकट, गप्पा लई.

१९ ऑक्टो., रवि.
पुण्याच्या बाईंच्या बहिणीची ऑर्डर. आणखी एकानं नुसतंच विचारलं.
संध्याकाळी मुकादम आला. भावजी ओट्यावर त्याच्यासंगं बसले. आत आम्ही दोघी, कान बाहेर.
"यंदा कोयता धरायचा का न्हाई, सांग बाबा."
मग भावजी : "दिवाळी होऊ दे. सांगतो."
हो म्हणाले न्हाईत. ना पण न्हाई. पण दरसाली तर लगेच हो म्हणतात.
आक्का उठल्या, आणि उद्या पहाटे डोंगरात फळं भरायला आणखी दोन पाट्या झटकून दाराशी ठेवल्या.