सरांना द्यावे

६ जाने. ७५, सोम.

गॅदरिंगची कमिटी ठरली. फिशपाँडचं खातं पुन्हा माझ्याकडे. विलासच्या जिभेला हाड नाही, म्हणून त्यालाच द्या, असं एकमतानं. मला आवडलं. खोटं कशाला लिहू.

एकमेकांची टर उडवणाऱ्या चिठ्ठ्यांसाठी लायब्ररीच्या पॅसेजमध्ये डालड्याचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. शेजारीच मानसशास्त्राचे नवे सर, आगाशे, यांची लाकडी पेटी. नाव न घालता मनातली अडचण लिहायची. आठवड्यातून एक तास ते बसणार, ज्याला बोलायचं त्यानं यायचं. प्राचार्य म्हणाले म्हणे, आधी पंचवीस चिठ्ठ्या दाखवा, मग जिमखान्यामागची खोली देतो.

सर वर्गात म्हणाले, देवी यायच्या आधी लस टोचतो ना, तसंच हे. मी उठलो, "सर, दंडावर टोचणार की दुसरीकडे?" वर्गानं बाकं बडवली. सरही हसले. बिचारे.

९ जाने.

बिरू आजही जेवला नाही. हॉस्टेलच्या एका रूममध्ये आमचं हे तिसरं वर्ष. जतकडचा. बाप मेंढरं घेऊन फिरतो, घरातून कॉलेजात आलेला हा पहिलाच. दिवाळीआधीच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरावर नाव-नंबर लिहिला आणि तीन तास नुसता बसून आला. आता पुस्तक उघडतो ते एकाच पानावर. म्हटलं, "पान तरी उलट रं, उन्हानं पिवळं पडाय लागलं." हसला. माझ्या प्रत्येक विनोदाला हसतो तो. असा रूममेट मिळायला नशीब लागतं.

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ. सरांच्या पेटीत पोरांनी शेंगांची टरफलं आणि एसटीची तिकिटं टाकली. त्यातली दोन तिकिटं माझी.

बिरू पेटीपुढून तीनदा गेला. चौथ्यांदा आला आणि माझ्या डब्यात काहीतरी टाकून पळाला. मी जिन्यावरून बघत होतो. गड्यालाही कंठ फुटला म्हणायचा. कुणावर लिहिलं असेल?

१६ जाने.

डबा एकट्यानंच उघडला. नेहमीचा पाचोळा. कुणाचं नाक, कुणाची सायकल, कुणाचं कुणावर प्रेम.

बिरूची चिठ्ठी निघाली. अक्षर झोपेतही ओळखेन. चार घड्या, वरच्या घडीवर 'सरांना द्यावे.'

मग कळलं. सरांच्या पेटीत टाकताना कुणी बघेल याची भीती. फिशपाँडच्या डब्यात टाकणाऱ्याकडे कोण बघतो? शिवाय डबा विलासचा. विलास देईल.

आत: 'वर्गात गेलं की हात कापतात. अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. घास उतरत नाही. आईनं देवऋषी केला. वेड लागायच्या आधी कुणाला विचारता येतं का? येत असेल तर मी येईन. पण वार असा ठेवा की पॅसेजमध्ये कुणी नसेल.'

दोनदा वाचली. यंदाचा माल फारच मिळमिळीत आहे. गेल्या वर्षी हॉल डोक्यावर घेतला होता.

वरची घडी फाडली.

१८ जाने., शनि.

झालं गॅदरिंग. लिहितो.

शेवटचा फिशपाँड बिरूचा ठेवला. नाव पुकारलं, स्टेजवर बोलावलं. मेंढीच्या गळ्यातली घंटा बाजारातून आणली होती, ती गळ्यात घातली. मग चिठ्ठी वाचली. सगळी नाही. हात कापतात ते, आणि देवऋषी. शेवटी "वेड लागायच्या आधी कुणाला विचारता येतं का?" थांबलो. मोजून थांबलो, कारण हशा कुठं येतो ते मला कळतं. मग म्हणालो, "बिरोबा, उशीर केलात!"

हॉल कोसळला. मुलींच्या बाजूलाही हशा. प्राचार्य रुमालानं डोळे पुसत होते. आगाशे सर पहिल्या रांगेत, एकटे तेच हसत नव्हते.

बिरू माइकजवळ वाकून "आभारी आहे" म्हणाला. घंटा वाजली, पुन्हा हशा. खाली जाऊन आपल्या जागेवर बसला. कार्यक्रम संपेपर्यंत घंटा गळ्यातच.

माझ्या पाठीवर थापा पडल्या. आज झोप छान लागणार. हेही लिहून ठेवतो.

१९ जाने.

सकाळी खोलीत. तो चादर घडी करत होता. माझ्याकडे न बघता,

"वर लिवलं हुतं की रं."

"काय?"

"सरास्नी द्यावं म्हणून."

"फाटलं असंल."

"फाटलं न्हाई. तू वाचलंस."

एवढंच. रागानं बोलला असता तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं.

२१ जाने.

मेसमध्ये नवीन टूम. भाजी वाढताना एकजण ओरडतो, "आधी की नंतर?" सगळे, "उशीर केलात!" आज बिरू ताट तसंच ठेवून उठला. त्याच्या पाठीमागे कुणीतरी घंटेचा आवाज काढला. मी मान खाली घालून आमटी ओरपली. गप्प बसा म्हणायला दोन शब्द लागतात.

२२ जाने.

आ. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेटी पालथी. टरफलं बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्याही बऱ्याच निघाल्या होत्या. होत्या. गॅदरिंगनंतर पोरं एकेक करून येऊन आपापली परत मागून घेऊन गेली. अक्षर कुणी ओळखेल म्हणून. दोन मुली रडल्या. आता चारच उरल्या आहेत.

"ती चिठ्ठी तुझ्याकडे कशी आली?"

"त्यानंच गंमत म्हणून टाकली होती, सर."

"गंमत म्हणून देवऋषी?"

मी हो म्हणालो. जिमखान्यामागच्या खोलीत आता टेबल-टेनिसचं टेबल लागणार आहे. प्राचार्य म्हणाले, बघा, कुणाला काही झालेलं नाही.

२३ जाने.

बिरू नाही. वळकटी आहे, ट्रंक आहे, पुस्तकं आहेत. चपला आणि तो, एवढंच गेलं. गावी गेला असणार. रेक्टरना तसंच सांगितलं.

२६ जाने.

झेंडावंदन चालू असताना गेटपाशी डोक्याला पटका बांधलेला म्हातारा उभा. मला शोधत होता. बिरूचा बाप.

"तुमीच विलासराव न्हवं? त्यो लय सांगतो तुमचं. म्हनतो, विलास हाय तवर मला काळजी न्हाई." खांद्यावरची दोन घोंगडी उतरवली. एक बिरूचं, एक माझं. "कुठं हाय त्यो? लय दिस झालं, पत्र न्हाई."

म्हणजे गावी नाही.

भिंतीला टेकलो. आणि तोंडातून काय निघालं? "अभ्यासाला मित्राकडं गेलाय, आबा. परीक्षा जवळ आलीया." म्हातारा खूश. "शिकू द्या, शिकू द्या." चहासुद्धा न घेता जतच्या गाडीला गेला.

घोंगडं घेतलं मी. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

दिवसभर नदीकाठानं फिरलो. पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पोरं विचारतात काय हरवलं. देवा, तो असू दे. माझी जीभ झडली तरी चालेल.

२८ जाने.

त्याचा मामा कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत फिटर आहे, हे काल आठवलं. पहाटेची एसटी.

मामाच्या घरात भिंतीला फळी नाही. सगळी भांडी जमिनीवर. मामी म्हणाली, "इथं कवा हादरा बसंल नेम न्हाई, म्हणून आदीच उतरून ठेवायची." मला कोण म्हणून विचारलं. माझं नाव सांगायचा धीर झाला नाही. म्हणालो, "कॉलेजातनं आलोय. सरांनी पाठवलंय."

मामानं आत हाक मारली, "बिरू, तुझ्या सरांचं मानूस आलंय रं!"

तो घाईघाईनं शर्टाची बटणं लावत आला. जिवंत. गालफडं बसलेली, पण जिवंत. मला बघितलं. माझ्या मागं बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"सर कुठायत?"

"मीच आलोय, गड्या."

तो आत गेला. दार आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.

मामा मला कोपऱ्यावर सोडायला आला. "आवं, काय केलंसा तुमी पोराला? ना खातो, ना बोलतो. घरातलं येक मानूस सारखं त्येच्यासंगट बसवाय लागतंय."

सांगितलं नाही. भेकड. तिथल्या तिथं बापाला कार्ड टाकलं, बिरू मामाकडे आहे. तेवढंच खरं लिहिलं.

३० जाने.

आ. सरांना सगळं सांगितलं. फाडलेली घडीसुद्धा. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "माझी पेटी तुझ्या डब्याशेजारी ठेवली, ती चूक माझी." माझं पाप माझ्याकडून काढून घेतल्यासारखं वाटलं, रागच आला. मग म्हणाले, "मिरजेच्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो. त्याला दाखवायला हवं, पण तो तयार झाला तरच. रविवारी जाऊ. तूही."

२ फेब्रु., रवि. कराड स्टँड

कोयनेची गाडी अजून लागली नाही, म्हणून लिहितोय. सर शेजारी चहा घेताहेत. सकाळी सांगलीहून निघालो. आत्ता विचारलं,

"काय म्हणणार आहेस त्याला?"

"माफ कर म्हणेन."

"त्यानं तुला बरं वाटेल. त्याला काय हवंय?"

तीन वर्षं एका खोलीत. तो उशाला काय घेऊन झोपतो ते माहीत आहे. त्याला काय हवंय ते सांगता येईना.

गाडी लागली. कंडक्टर पाटण, कोयना ओरडतोय. सर चढले, खिडकीशी बसले, शेजारची जागा पिशवी ठेवून धरलीय. माझ्याकडे बघत नाहीत.

मी अजून बाकावर.