डाव्या कुशीची नळी

इलोइलो, ४ मार्च १९९४

ती. मानांग पुरिंग हिला धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पोचलं. देवानं दिलेलं कापायला निघालीस, जनाची नाही तर मनाची तरी ठेव, असं लिहिलंस. वीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसतेय ग. छातीच्या भारानं पट्टे रुतून खांद्यांना खाचा पडल्यात, बोट मावेल एवढ्या. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलवटून निघते. ही काय हौस आहे? डॉ. माग्बानुआ बाई म्हणाल्या की दोन्ही स्तन लहान करू आणि दोन्ही कुशींत एकेक नळी ठेवू, आतलं रक्त-पाणी तिच्यातून बाहेर येईल. त्या हे सगळं शांतपणे सांगत होत्या. सोमवारी ऑपरेशन. शिव्या दे हवं तर, पण चर्चमध्ये माझ्या नावानं एक मेणबत्ती लाव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी देलिया

कुलासी, ५ मार्च

चि. इंदाय देलियास अनेक आशीर्वाद.

एक नाही, तीन लावल्या. तो राग नव्हता ग. नानाय गेली तेव्हा तिच्या कुशीतूनही नळी काढलेली होती. तू सहा वर्षांची, तुला काय आठवणार! चार दिवस मी त्या नळीकडे बघत बसले होते. आपली आई तिच्यातून थेंबाथेंबानं चाललीय असं वाटायचं. तेव्हापासून नळी हा शब्दही मला नको वाटतो. नातवाला गोवर आलाय, नाहीतर आत्ता आले असते. पत्र बसचा ड्रायव्हर तासियो याच्याकडे देत जा. आणि बरी आहे, बरी आहे असं लिहू नकोस. डोळ्यांना काय दिसतं ते लिही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
पुरिंग

इलोइलो, १० मार्च, सकाळ

ती. मानांगला सा. न.

काल घरी आले. नळ्यांच्या टोकांना लिंबाएवढे रबरी फुगे आहेत. दाबून हवा काढली की आतलं ओढून घेतात. सकाळ-संध्याकाळ औषधाच्या मापात ओतून आकडा लिहायचा. पहिल्यांदा तो लाल फुगा हातात घेतला आणि मी जमिनीवरच बसले. घरमालकीण तिया बेबांग म्हणते की तिचा जन्म मासळीबाजारात गेला, तिला रक्ताचं काय! पण फुगा ओतताना तीच तोंड फिरवते.

एक चांगलं सांगते. डावा फुगा काल संध्याकाळपासून कोरडा आहे. ती बाजू लवकर भरून येतेय बहुतेक. फक्त दगडासारखी टणक झालीय, उजवीपेक्षा मोठी दिसते, कातडी ताणून चकाकते. ठणकाही आहे, पण कापलंय म्हटल्यावर दुखणारच. तुझी शपथ, बादली एकदाच उचलली. सोमवारी तपासायला बोलावलंय, तोवर कळ काढते.

आठवण ठेव.
देलिया

कुलासी, १० मार्च, दुपार

देलिया,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र घेऊन मी अनवाणी आरोग्य केंद्रात धावले. तिथल्या सुईणीनं ते दोनदा वाचलं. ती म्हणाली की फुगा कोरडा म्हणजे आत कोरडं, असं नसतं. नळीच्या तोंडाशी गाठ बसली तर रक्त आतच साठतं. एक बाजू टणक, मोठी आणि ठणकणारी झाली तर सोमवार बघायचा नाही, या क्षणी जायचं. हे पत्र तासियो तुझ्या हातात देईल आणि तुला गाडीत बसवूनच हलेल, तशी शपथ घातलीय त्याला. उत्तर लिहीत बसू नकोस. नीघ. नानायच्या वेळी मी नुसती बघत बसले, आता बसणार नाही.

पुरिंग

इलोइलो, १४ मार्च

ती. मानांगला कोपरापासून नमस्कार.

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. बाहेर तासियोनं थांबवलेली तीनचाकी ट्रायसिकल सुरूच होती. डॉक्टरबाईंनी हात लावला मात्र, त्यांचा चेहरा उतरला. तासाभरात पुन्हा टेबलावर. आतून मूठभर साकळलेलं रक्त निघालं, नळी गाठीनं बुजली होती. भूल चढताना मी नानायचं नाव घेतलं आणि मग घाबरून तुझं घेतलं, कारण तू जिवंत आहेस.

नंतर बाईंना विचारलं की मग नळी ठेवलीच कशाला? त्या म्हणाल्या की साठलेलं ती बाहेर काढते, रक्तस्राव काही थांबवत नाही. काही डॉक्टर तर ती ठेवतही नाहीत. फुग्यापेक्षा आपल्या अंगाकडे बघायचं. आणखी उशीर झाला असता तर कातडी काळी पडली असती. बादलीबद्दल मात्र सगळ्या नर्सांसमोर बोलणी खाल्ली.

आज दोन्ही नळ्या काढल्या. खिडकीपर्यंत चालत गेले, मान वर करून.

असाच जीव लाव.
देलिया

कुलासी, १९ मार्च

चि. इंदायला पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मागच्या दारी बसून रडले. आता एक सांगते, हसू नकोस. माझ्याही खांद्यांना खाचा आहेत. पन्नाशी उलटली, पण नवऱ्यालाही कधी बोलले नाही. बाईच्या जातीनं सोसायचंच असतं असं धरून चालले होते. म्हणून तर तुझं ते पहिलं पत्र इतकं झोंबलं. धाकटी धजते आणि मी नाही.

गोवर उतरलाय. पुढच्या आठवड्यात येते. डॉक्टरबाईंना विचारून ठेव, या वयात करतात का.

आहे तो लोभ वाढव.
तुझी पुरिंग

ता. क. नळी ओढून काढतात तेव्हा किती दुखतं? मला धीर द्यायला खोटं लिहू नकोस.