बुइक आईच्या नावे

आणि ऑर्विल, ‘ती गाडी नाही, गोठा आहे’ हे आता पुन्हा लिहू नकोस. गोठा तर गोठा. त्या गोठ्याच्या डिकीत आपण दोघं भाऊ पाय लांब करून झोपलोय. बुइक भंगारात देऊन तू घ्यायला निघालास त्या जपानी गाडीच्या डिकीत पावाची एक लादी ठेवली, तर दुसरी मांडीवर घ्यावी लागेल. पत्रांनी तू ऐकत नाहीस, म्हणून कायद्याने लिहितो.

मी, डेंटन हॉबर्ट साइझमोर, वय तेवीस, शिक्षण सहावी, मूळचा केंटकीचा, सध्या अलास्कात तेलाच्या पाइपलाइनवर कामाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कोणी हात पिरगाळलेला नाही. उद्यापासून आमची तुकडी खिंडीच्या उतारावर जाते. तिथे माणसं दोराला बांधून घेऊन काम करतात. मुकादम म्हणाला, “ज्याच्या मागे भांडणारी माणसं आहेत त्याने लिहून ठेवा रे.” माझ्यामागे तू आहेस.

कलम १. ऑर्विलच्या अंगणात, हॅमिल्टन शहरात उभी असलेली माझी साठ सालची बुइक, स्टेपनी, जॅक आणि डिकीतल्या घोंगडीसकट, मी आईला, म्हणजे श्रीमती ओफा साइझमोर हिला देतो. माझ्या मरणाची वाट बघायची नाही. सही झाल्यापासून गाडी तिची. तिला चालवता येत नाही हे मला ठाऊक आहे. चालवायला दिलेलीच नाही. तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, आणि बुइकच्या मागच्या सीटवरच ती तो सरळ ठेवून बसू शकते. गाडी भंगारात गेली, तर मेच्या शेवटच्या रविवारी थडगी सजवायला ती केंटकीला गावी जाणार कशी? बाबांच्या थडग्यावरचं गवत परक्यांच्या सुना उपटतील. आई लिहिते, ‘राहू दे रे, एक वर्ष नाही गेले तर काय झालं.’ आईने ‘राहू दे’ म्हटलं की काय समजायचं, हे मी तुला सांगावं?

कलम २. गाडी चालवायचा हक्क बहीण लोरीनला. हस तू. तिने एकदा चर्चची पायरी तोडली, मान्य. पायरी तुटली, बुइकला ओरखडा नाही.

कलम ३. बँकेत माझं जे निघेल ते पेट्रोलला. बुइक फार पिते, हे तुझं खरं. बाबाही प्यायचे. त्यांना आपण भंगारात दिलं नाही.

इथे एप्रिलात उजेड लवकर मावळत नाही. खाटेवर डोळे मिटले की खाटेची डिकी होते. झाकण दोरीने अर्धं उघडं बांधलेलं, बटाट्यांच्या पोत्यांचा ओला वास, आणि आपल्या टाचांखालून रस्ता फितीसारखा उलगडत मागे जातोय. नदी मागे जाते, पूल मागे जातो, तंबाखूची कोठारं लहान लहान होत धुक्यात बुडतात. कुठे चाललोय ते कधी दिसायचं नाही. सोडलेलं तेवढं दिसायचं. मला अजून रस्ता तसाच दिसतो.

बाबांच्या थडग्याचा दगड गावी नेला ते आठव. तू तो डिकीत पार टोकाला ठेवलास, मागचं धूड बसलं, नाक वर झालं आणि दिवे रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडले. पानं सोन्याची, खाली अंधार. आपण रानावरून तरंगत चाललोय असं वाटत होतं. आपल्याकडे गाडीचं बूड बसलेलं दिसलं की डिकीत हातभट्टीची दारूच म्हणतात. शेरीफच्या शिपायाने अडवलंच.

“डिकीत काय आहे, बाई?”

“नवरा,” आई म्हणाली.

त्याचा हात कमरेच्या बंदुकीवर. तू धावत जाऊन डिकी उघडलीस. त्याने बॅटरी मारली, दगडावरचं नाव वाचलं, टोपी काढली. “हॉबर्ट होय! माझा कोंबडा जिंकलान् ह्याने पैजेत. मी दिलाच नाही.”

“मग चल पुढे दिवा दाखवत,” आई म्हणाली. “फिटलं समजेन.”

आणि तो घाटभर आपल्या पुढे चालला. त्या दिवशी छोट्या गाडीत काय नेलं असतंस? बाबांचं आडनाव?

कलम ४. माझा पान्यांचा संच ऑर्विलला, कारण तो त्याने परत केलेलाच नाही.

कलम ५. खिंडीतून मी आलो नाही, तर कंपनी मला हॅमिल्टनपर्यंत पोचवील. पुढे केंटकीपर्यंत शववाहिका नको. बुइक न्या. पेटी थोडी बाहेर येईल. झाकण दोरीने बांधा, लाल फडकं लावा. पाय मागच्या बाजूला ठेवा.

कलम ६. आईच्या पश्चात गाडी ऑर्विलची. तेव्हा विकायची तर विक. पण आधी एकदा डिकीत आडवा हो.

साक्षीदार गस लिंडक्विस्ट, स्वयंपाकी, वाचून म्हणाला, “पोरा, तुझ्याकडे गाडीशिवाय काहीच नाही की रे!” मी म्हटलं, तुम्ही तिची डिकी बघितली नाहीत.

लिहून देणार: डेंटन हॉबर्ट साइझमोर
साक्षीदार: गस लिंडक्विस्ट, रेमंड ओचोआ, वेल्डर
पाइपलाइनचा कॅम्प, वाल्डीझजवळ, अलास्का
११ एप्रिल १९७६

ऑर्विल, भंगारवाला पंच्याहत्तर देतो म्हणालास. सोबतची मनिऑर्डर तुझ्या नावाची आहे: शहात्तर डॉलर.