बारशाच्या दिवशी मी दिलेली साक्ष

आये, तू गेलीस त्याला आता तीस वर्षं होतील, आणि आज तुझ्या नातीच्या गाऊनची बटणं लावताना मला तुझी बोटं आठवली. तिलाही आमवात आहे. दिवस राहण्याआधीच डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोळ्या बदलल्या आणि मला बजावलं, "पोटात बाळ असताना कदाचित बरं वाटेल, पण बाळंतपणानंतर दुखणं उसळू शकतं. तेव्हा घरच्यांनी हात द्यायचा." तसंच झालं. नऊ महिने पोरगी सीवूड्सभर टुणटुण फिरली. आता बाटलीचं झाकणसुद्धा तिच्याने उघडत नाही. मी उशी लावून बाळ तिच्या छातीशी धरते, लंगोट बदलते, सकाळी तिची आखडलेली बोटं कोमट पाण्यात धरते.

तेव्हा आपल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात हे कुणाला ठाऊक होतं गं? धाकटा भाऊ पोटात असताना तूही डोक्यावर पाटी घेऊन हसत मासळी विकलीस. बारशाला मात्र पाळण्याखालून बाळ घ्यायला तुझे हात पुढे आले नाहीत. "पाडीन मी त्याला," एवढंच म्हणालीस. आजी, तुझी सासू, सगळ्या बायकांसमोर कडाडली, "नऊ महिनं पाटी उचलत व्हती, नि आता पोर जड झाला? सोंग हाय!" मग माझ्याकडे वळली. "पोरी, तू सांग. खरंच दुखतान का हिचं हात?" मी दहा वर्षांची, बाळ झाल्यापासून तू माझी वेणी घालत नाहीस म्हणून फुगलेली. "सोंगच करते," मी म्हटलं. मेल्या माझ्या जिभेला काय झालं होतं! बायका हसल्या. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. दुसऱ्या सकाळपासून आजीने तुझ्यापुढे कोळंबी सोलायला ठेवली, आणि तू सोलत राहिलीस. मला लाज वाटते, आये. अजून वाटते.

आणि तरी परवा, लेक बाळाला घ्यायला नको म्हणाली तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "नऊ महिने तर ठणठणीत होतीस की!" तिने अगदी तुझ्यासारखं पाहिलं. मला रडूच फुटलं. तिला वाटलं, मी दमले. म्हणाली, "सॉरी मम्मी. तुला किती छान जमतं गं सगळं. आजीचे हात दुखायचे तेव्हा तिचंही असंच करायचीस ना?"

मी "हो" म्हटलं. हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवतेय. त्याचं झाकण तिच्याने उघडत नाही.