पाचव्याची जागा

जळगाव,
एप्रिल १९९८

प्रिय छगनभाऊ,

आधीच सांगते, मी चिडलेली आहे. सुरतेच्या तुझ्या खोलीवर पाठवलेली मागची सगळी पत्रं 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा मारून पोस्टाने परत केली. तरी हे लिहायला बसलेय, म्हणजे मूर्ख मीच. पण तुझ्याशी नाही तर कोणाशी बोलू? घरात सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली आहेत.

ऑफिसचं आधी सांगते. सुरतेला जायच्या आधी तू बसायचास त्याच खुर्चीवर बन्सीलालशेठने मला बसवलंय, वरचा पंखा अजून तसाच कुरकुरतो. प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारं आपलं बिल्डचं टूल तेच आहे. माल गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी ते चाचण्या चालवतं, प्रत्येक चाचणी आपला नंबर सांगून पास की नापास ते कळवते, आणि तुझा निकाल मोजणारा प्रोग्रॅम सगळं टिपून घेतो. 'मास्तर' म्हणायचास तू त्याला. आता पुण्याहून नवा मास्तर आलाय, आणि शेठने मला सांगितलं, वच्छला, तू त्याचीच परीक्षा घे. म्हणजे काय, तर मुद्दाम नंबर चुकवायचे आणि तो काय करतो ते बघायचं. अरे, आठवडाभर मी पगार घेऊन खोटं बोलतेय! एक, दोन, तीन, चार, आणि पाच गाळून एकदम सहा.

तुझा मास्तर अशा वेळी पाचव्याची जागा रिकामी ठेवायचा. पुढे लिहायचा, 'अजून आला नाही'. पाचवा सगळ्यात शेवटी धापा टाकत आला तरी त्याला त्याच्या जागेवर बसवायचा, उशीर झाला एवढं बजावायचा, बस. हा नवा थांबतच नाही. सहा दिसला की पाचवा नापास. नंतर पाचवा पास होऊन आला तरी त्याला दारातून हाकलतो, वर चाचण्यांचा अख्खा गठ्ठाच बाद करतो. मी शेठला म्हटलं, न येणं आणि नापास होणं एक कसं? शेठ ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, आणि शेवटपर्यंत आलाच नाही तर तुझा जुना मास्तर काय लिहायचा गं? मला उत्तर माहीत होतं. शेवटी तोही नापासच लिहायचा. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

ते चौऱ्याण्णवचं प्लेगचं वर्ष डोळ्यांसमोरून हलत नाही रे. सुरतेहून गाड्या माणसांनी लगडून यायच्या. नाना आपल्या पोराला उतरवून घ्यायला रोज सायकलने नरडाणा स्टेशनावर जायचे, गाडी रिकामी होईपर्यंत उभे राहायचे. आपल्या गावची सगळी पोरं आली. काकूचा नथ्थू आला, तोंडाला फडकं बांधलेला. म्हणाला, छगनभाऊ मागून येतोय, खोलीतला सोबती तापाने फणफणलाय, त्याला एकट्याला टाकून निघवत नाही म्हणे. तुझं हे असंच! जगाचं करायची हौस. मला इतका राग आला होता तुझा, आणि इतकं बरंही वाटलं होतं, की आपला भाऊ पळाला नाही. आज नुसता राग उरलाय. पळून यायला हवं होतंस. नाना नंतर सुरतेला गेले, दवाखाने पालथे घातले, पोलिसांत विचारलं. आलेल्यांत तुझं नाव नाही, गेलेल्यांतही नाही. नाना परत आले ते जणू दुसरेच कोणी होऊन.

गाव म्हणतं, आता काय राहिलंय. आपला मुलगा गेला हे एकटी आई ऐकून घ्यायची नाही. 'मना आंडोर जित्ता शे,' म्हणायची, आणि समोरच्याची पुढे बोलायची टाप नव्हती. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, गेलेल्या आजोबांच्या नावाने घागर भरतात, त्यावर डांगराचं गोड फळ ठेवतात, तेव्हा तुझ्याही नावाची भरायची का म्हणून नाना एकदा आईकडे बघायचे. आई तशी पाठ फिरवून पुरण वाटत बसायची. दर वर्षी हेच. त्या एका पाठीच्या भरवशावर मी इथे नोकरी करत होते, हसत होते, तुझी खुर्ची पुसत होते.

मध्यंतरी शिंदखेड्याचं स्थळ आलं होतं मला. मुलाच्या मामाने विचारलं, मुलीला भाऊ किती? नाना नुसते पाण्याचा तांब्या सरकवत राहिले. मी आतून ओरडले, एक आहे, सुरतेला आहे. ते लोक चहा पिऊन गेले, परत काही निरोप नाही. नाना मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. परवा आखाजी. काल नथ्थू कामाने जळगावला आला होता, त्याने आईचा निरोप आणला. येताना बाजारातून एक नवी घागर आण, गळत नाही ना ते बघून घे. मी म्हटलं, आजोबांची घागर तर नाना दर वर्षी गावातूनच घेतात, ही दुसरी कशाला? नथ्थू चपला घालायला लागला. नानांनी सांगितलं का, म्हटलं. नाही म्हणाला, तुझ्या आईनेच सांगितलं, आणि सांगताना ती रडलीसुद्धा नाही. भाऊ, आई थकली रे. आता मी एकटीने कशी धरून ठेवू तुला? हे पत्र सुरतेला पोहोचेल तेव्हा आखाजी होऊन गेलेली असेल, तेवढं मला कळतं. तरी टाकतेय. नंतर आलास तरी ये, ती घागर मी माझ्या हाताने फोडीन. आज सकाळी घेऊन आले. खोलीत कोरड्या फरशीवर पाणी भरून ठेवली आणि गळू दे, गळू दे म्हणत दिवसभर तिच्यासमोर बसून राहिले. एक थेंब गळाला नाही.

तुझीच,
वच्छी